सहाध्यायांचा पाव हिस्सा

ज्ञानाचे चार समान वाटे सांगणारे एक जुने संस्कृत सुभाषित आपल्याकडे शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांच्या ओठांवर आहे. पाव हिस्सा आचार्यांकडून मिळतो, पाव स्वतःच्या बुद्धीने मिळवावा लागतो, पाव सहाध्यायांकडून येतो आणि उरलेला पाव काळ शिकवतो, असा त्याचा आशय. यातील आचार्यांच्या वाट्याचा गौरव आपण गुरुपौर्णिमेला करतो, बुद्धीच्या वाट्याचा निकालाच्या दिवशी. काळाचा वाटा तर वय झाले की आपोआप पदरात पडतो. सहाध्यायांचा पाव हिस्सा मात्र तसा उपेक्षितच राहिला. त्यासाठी ना सण, ना पदवी. तरीही मागे वळून पाहताना लक्षात येते की, महाविद्यालयात जे खरोखर समजले, त्यातले बरेचसे कोणा मैत्रिणीच्या वहीच्या समासातून, नाहीतर चहाच्या टपरीवरील भांडणातून समजले होते.

आज या उपेक्षित पावाविषयी लिहावेसे वाटते, कारण त्याच्यावर हक्क सांगणारा एक नवा वाटेकरी आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि बघता बघता आमच्या वर्गातील प्रत्येक मोबाईलमध्ये एक न थकणारा, न चिडणारा, रात्री दोन वाजताही उत्तर देणारा सहाध्यायी येऊन बसला. तो आला म्हणून बाकीचे सहाध्यायी उठून जाणार काय, हा आमचा प्रश्न आहे.

‘आमचा’ म्हणजे दोघींचा. हैदराबादेतील एका पदवी महाविद्यालयात आमच्यापैकी एक सांख्यिकी शिकवते आणि दुसरी अर्थशास्त्र. गेली अनेक वर्षे आम्ही डबा एकत्र खातो, आणि तितकीच वर्षे आमचे एकमेकींशी पटत नाही. या लेखातही पुढे जिथे पटलेले नाही, तिथे तसे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. सहअध्ययनावर लिहिताना दोघींनी मिळून लिहावे आणि मतभेद झाकू नयेत, एवढे पथ्य तरी पाळायला हवे.

हैदराबादच्या वर्गात सहाध्यायी या शब्दाला एक अधिकचा अर्थ आहे. आमच्यासमोर बसणाऱ्या साठ मुलामुलींच्या घरी तेलुगू, दखनी उर्दू, मराठी, कन्नड, मारवाडी अशा भाषा बोलल्या जातात. पुस्तक इंग्रजी, शिक्षिकेचे बोलणे अर्धे इंग्रजी आणि अर्धे सर्वांना कळेल असे मिश्र. जे उरते ते मागच्या बाकावर कुजबुजत समजावले जाते. ही या शहराची जुनी रीत आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्चशिक्षणाचे माध्यम केले. त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले होते. तेथे विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ समोरासमोर बसून एकेका पारिभाषिक शब्दावर वाद घालीत. आमच्यापैकी एकीचे थोरले काका १९४० च्या दशकात तेथे गणित शिकले. त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘ज़ाविया’ म्हणत शिकलेल्या या मराठी गृहस्थांना उतारवयातही ते शब्द सुटले नव्हते. ते सांगत की, वसतिगृहात रात्री एकच प्रमेय तीन भाषांतून समजावले जाई. समजावणाऱ्याला ते दुसऱ्यांदा सांगताना अधिक कळे, आणि तिसऱ्यांदा सांगताना आपल्याला कुठे कळलेले नाही, हेही कळे. सहअध्ययनाची याहून नेमकी व्याख्या आम्हांला कोठल्याही शिक्षणशास्त्रीय ग्रंथात आढळलेली नाही.

मात्र सहअध्ययनाचे नुसते गोडवे गाणेही खरे नव्हे. गटात काम दिले की एक जण लिहितो, दुसरा मुखपृष्ठ सजवतो आणि उरलेले दोघे सही करतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून मोजमाप केले आणि ते १९१३ साली प्रसिद्ध केले. गट वाढत गेला तसा माणशी जोर घटत गेला. आठ जणांच्या गटात तर प्रत्येकाचा जोर त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या निम्म्यावर आला. आमच्या प्रकल्पवह्या चाळल्या असत्या तर त्यांना दोरीही आणावी लागली नसती.

यावर उपायही जुनेच आहेत. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, गोऱ्या व काळ्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवल्यावर उद्भवलेला तणाव कमी करण्यासाठी, एलियट ॲरन्सन यांनी एक युक्ती योजली. धड्याचे तुकडे करायचे, गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. ज्याच्याकडे तुकडा आहे त्याचे ऐकल्यावाचून इतरांचा धडा पुरा होत नाही. हार्वर्डमधील भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकारंभी दुसरी पद्धत रूढ केली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपले उत्तर आधी नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. या पद्धतींना फारसा खर्च नाही. अडचण एवढीच की, साठ मुलांचे पंधरा गट एकाच वेळी बोलू लागले की शिक्षिकेचे दोन कान पुरत नाहीत, आणि ज्याला इंग्रजी परिच्छेदच कळला नाही त्याच्या हातातील तुकडा गटाला मिळत नाही. यंत्राची मदत घ्यावी, असे आम्हांला वाटले ते या दोन अडचणींपुरते.

२०२३-२४ या वर्षी दर शनिवारी एक संयुक्त तास आम्ही ठरवून घेतला. पहिल्या काही आठवड्यांत मुद्दामच कोणताही नियम घातला नाही. मुले स्वतःहून काय करतात ते पाहायचे होते. गटांना दिलेले उदाहरण सांख्यिकीत प्रसिद्ध आहे. १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पदव्युत्तर प्रवेशासाठी ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. प्रवेश मिळाला तो ४४ टक्के पुरुषांना आणि ३५ टक्के स्त्रियांना. अन्याय उघड दिसतो. पण एकेका विभागाचे आकडे पाहू लागले की चित्र पालटते. सहा मोठ्या विभागांपैकी पहिल्यात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ६२ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, तर स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना. सर्वांत कठीण विभागात हेच प्रमाण ६ आणि ७ टक्के होते. मग एकूण बेरजेत स्त्रिया मागे का?

प्रश्न दिला आणि पहिल्या शनिवारी मिनिटभरात बहुतेक गट शांत झाले. मोबाईलवर उत्तर आले होते: हा ‘सिम्प्सनचा विरोधाभास’. नाव कळले, व्याख्या उतरवून घेतली, संपले. उत्तर बरोबर होते आणि आमच्या पंधरा वह्यांत ते जवळजवळ एकाच वाक्यरचनेत होते. चौघे जण एकमेकांना चिकटून बसले होते खरे, पण प्रत्येकाची मान स्वतःच्या पडद्याकडे. ‘आपसांत बोलला नाहीत का?’ असे विचारले, तर एका मुलाने निरागसपणे सांगितले, ‘मॅडम, बोलायला काही उरलंच नव्हतं.’

हे वाक्य आम्हांला पुढे महिनाभर डब्याला पुरले. सांख्यिकीवालीचे म्हणणे की, दोष यंत्राचा नसून प्रश्नाचा. ज्याचे उत्तर नावात संपते तो चर्चेचा प्रश्नच नव्हे. अर्थशास्त्रवालीचे म्हणणे, दोष फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा. जे फुकट मिळते त्यासाठी कोणी शेजाऱ्याचे उपकार घेत नाही. गावात घरोघर नळ आले तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. पण पाणवठ्यावर जे बोलणे होत असे त्याची दुसरी जागा कोणी बांधून दिली नाही.

त्यानंतर तासाची रचना बदलली ती अशी. आदल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला तक्त्याचा एकच भाग मिळे. तो समजून घेण्यासाठी घरी यंत्राला हवे ते, हव्या त्या भाषेत विचारण्याची मुभा होती. शनिवारी गटात बसल्यावर पहिली पंधरा मिनिटे सर्व मोबाईल टेबलाच्या मध्यभागी पालथे ठेवायचे. प्रत्येकाने आपला तर्क आधी कागदावर लिहायचा, मग चर्चा करून गटाचे एक मत ठरवायचे. त्यानंतर एकच मोबाईल उघडायचा आणि यंत्राला उत्तर न विचारता, ‘आमच्या या मतावर सर्वांत कठीण आक्षेप कोणते?’ एवढेच विचारायचे. त्या आक्षेपांना गटाने तोंड द्यायचे. शेवटी कोणते म्हणणे कोणाचे आणि यंत्राचा कोणता आक्षेप का नाकारला, हे हाताने लिहून द्यायचे.

नियमांची अशी यादी वाचताना रूक्ष वाटते, पण तिच्यामुळे यंत्राचे गटातील स्थान बदलले. पहिल्या रचनेत ते सर्वज्ञ होते, दुसऱ्या रचनेत वादातील प्रतिपक्ष. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त आहे. ते काम वर्गातील मुले एकमेकांबाबत करायला लाजतात, कारण मैत्री दुखावते. यंत्राला लाज नाही आणि यंत्रामुळे मैत्रीही दुखावत नाही. चौघे एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला अशी मांडणी झाली की ते चौघे आपसांत बोलू लागतात, हे आम्ही दर शनिवारी पाहिले.

आणि एक गोष्ट पाहिली, ती या लेखाचे खरे कारण आहे. झहीराबादकडच्या एका गावातून आलेली, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली एक मुलगी आमच्या वर्गात होती. पहिले वर्षभर तिने गटात एक शब्द उच्चारला नव्हता. वही मात्र नेहमी स्वच्छ. तिच्या वाट्याला तक्त्याचा नेमका तो भाग आला होता, ज्यात अर्जांची विभागवार संख्या आहे. आदल्या रात्री तिने रोमन लिपीतील उर्दूत यंत्राशी तासभर संवाद केला होता. प्रमाण म्हणजे काय, भारित सरासरी कशी काढतात, हे तिने पुन्हा पुन्हा विचारले आणि यंत्राने कंटाळा न करता पुन्हा पुन्हा सांगितले. शनिवारी तिने कागद पुढे ठेवून गटाला सांगितले की, सहा विभागांत अर्ज करणाऱ्या २६९१ पुरुषांपैकी १३८५ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, प्रवेश सहज मिळणाऱ्या पहिल्या दोन विभागांत गेले होते. १८३५ स्त्रियांपैकी तेथे गेल्या होत्या फक्त १३३. बाकी साऱ्या कठीण दारांपुढे रांगेत उभ्या होत्या. म्हणून बेरजेत त्या मागे पडल्या.

इतपत यंत्राचे श्रेय. पण गटातल्या एका मुलाने विचारले, ‘मग त्या सोप्या विभागांत गेल्या का नाहीत? कोणी अडवलं होतं?’ त्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘भावाला इंजिनिअरिंगला घालताना आमच्या घरानं जमीन गहाण टाकली. माझ्या वेळी एवढंच विचारलं, जवळ कोणतं कॉलेज आहे?’

त्या टेबलावर मग जो वाद झाला, तो तास संपल्याची घंटा वाजल्यावरही चालू होता. आदिलाबादकडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलाचे म्हणणे होते की, याला विद्यापीठ जबाबदार नाही. अन्याय त्याआधीच झाला आहे. दुसरा म्हणत होता, आधी झालेल्या अन्यायाची बेरीज ज्याच्या दारात होते त्याचीही काही जबाबदारी असतेच. पुढच्या शनिवारी पहिला मुलगा सांगत आला की, त्याने घरी थोरल्या बहिणीला फोन करून, तिला काय शिकायचे होते, ते प्रथमच विचारले.

येथे आमचे दोघींचे पुन्हा बिनसले. अर्थशास्त्रवालीने त्याच संध्याकाळी यंत्राला तोच प्रश्न विचारून पाहिला. बर्कलीच्या आकड्यांवरील १९७५ च्या मूळ शोधनिबंधातही मुलींना लहानपणापासून ठरावीक दिशेने वळवले जाण्याचा मुद्दा आहे, आणि यंत्राने तो व्यवस्थित, क्रमवार मांडला. मग त्या मुलीने वेगळे काय सांगितले, हा तिचा सवाल. सांख्यिकीवालीचे उत्तर असे की, माहिती तीच, पण यंत्राने ती सांगितली असती तर कोणी बहिणीला फोन केला नसता. सांगणाऱ्याने सोसलेले असले की ऐकणाऱ्यावर एक ऋण चढते, आणि सहाध्यायांकडून मिळणाऱ्या पाव हिश्श्यात माहितीपेक्षा हे ऋणच अधिक असते. यावर अर्थशास्त्रवालीने आठवण करून दिली की, आदल्या रात्री यंत्र नसते तर ती मुलगी त्या टेबलावर बोललीच नसती. दोन्ही म्हणणी खरी आहेत, एवढ्यावर त्या दिवशी डबा झाकला गेला.

जगभर चाललेल्या संशोधनातही असेच दोन स्वर ऐकू येतात. हार्वर्डमध्ये २०२३ च्या शरद सत्रात भौतिकीच्या १९४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काळजीपूर्वक घडवलेल्या यंत्रशिक्षकाकडून घरी शिकलेल्यांची प्रगती वर्गातील सक्रिय अध्यापनाच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली आणि वेळही कमी लागला. उलट तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांच्या गणितावर झालेल्या प्रयोगात, साधे यंत्र हाताशी असताना सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण यंत्र काढून परीक्षा घेतली तेव्हा ही मुले यंत्र कधीच न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता केवळ इशारे देणारे यंत्र ज्यांना दिले होते, त्यांच्या बाबतीत हे नुकसान बरेचसे टळले. थोडक्यात, यंत्र कसे वापरायला दिले यावर सारे अवलंबून.

आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला तो मात्र या यंत्रांच्याही आधीचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला कोलोराडो विद्यापीठातील अभ्यास. आनुवंशशास्त्राच्या वर्गात मझूर यांच्या धर्तीवर प्रश्न विचारून, शेजाऱ्यांशी चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न देण्यात आला. आढळले असे की, गटातील एकालाही आधी बरोबर उत्तर येत नव्हते, अशा गटांतसुद्धा चर्चेनंतर समज वाढली. म्हणजे शिकण्यासाठी टेबलावर कोणी जाणता असलाच पाहिजे असे नाही. चौघे अज्ञही परस्परांना आपले अज्ञान समजावून सांगताना ज्ञानाकडे सरकतात. जाणता आरंभीच बोलू लागला तर हे सरकणे थांबते, मग तो जाणता शिक्षक असो वा यंत्र. मोबाईल पालथे ठेवण्याच्या त्या पंधरा मिनिटांचे समर्थन आम्ही यात शोधतो.

यंत्राच्या इतर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ ते अत्यंत आत्मविश्वासाने देते, म्हणून प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात पडताळण्याचे काम गटातील एकाकडे सोपवावे लागते. चर्चेचा गोषवारा त्याच्याकडून करवून घेतला तर तो सुबक होतो, पण मतभेदाचे कोपरे घासून गुळगुळीत होतात. जे दोघे शेवटपर्यंत भांडत होते, ते त्या गोषवाऱ्यात ‘विविध मते मांडली गेली’ एवढ्या तीन-चार शब्दांत विरघळतात. दखनी आणि आदिलाबादकडची मराठी यांतील बारकावे त्याला पुरते झेपत नाहीत. कोण किती बोलला हे मोजून देणारी साधनेही आता मिळतात. ती वापरावीत काय, यावर आमचे एकमत झाले, आणि ते दुर्मीळ असल्यामुळे येथे मुद्दाम नोंदवतो: वापरू नयेत. आपले बोलणे कोणी मोजत आहे हे कळले असते, तर जमीन गहाण पडल्याचे वाक्य त्या टेबलावर आले नसते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या साऱ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. आपली मराठी येथे शाळेपेक्षा वाचनालयांनी, व्याख्यानमालांनी आणि ओसरीवरच्या मंडळांनी जगवली, म्हणजे सहाध्यायांनीच जगवली. परक्या माध्यमात शिकताना शेजारी बसलेल्याने आपल्या भाषेत कानात सांगितलेला अर्थ आपल्याला तारून नेत आला. आता तो अर्थ सांगायला यंत्र आहे, आणि एकाकी पडलेल्या विद्यार्थ्याला ते मिळाले, तर आम्हांला त्याचा आनंदच आहे. मात्र कानात सांगणाऱ्याने काही दिवसांनी आपल्यालाही काही विचारावे, आणि उत्तर देताना आपण अडखळावे, हा व्यवहार यंत्राशी होत नाही. त्याला आपल्याकडून काही समजून घ्यायचे नसते.

म्हणून नव्या अभ्यासक्रमांत यंत्राला जागा द्यावी, अवश्य द्यावी. आचार्यांच्या पाव हिश्श्यात ते हातभार लावील, मंदगती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बुद्धीला टेकू देईल, काळाच्या वाट्यातलेही काही दिवस वाचवील. उरलेल्या त्या एका पाव हिश्श्यासाठी मात्र वेळापत्रकात एक तास, एक गोल टेबल आणि चार खुर्च्या राखून ठेवाव्यात. पुढच्या शनिवारी आमच्या वर्गात विषय आहे रेशन दुकानांचा, आणि आम्हां दोघींपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे मुलांनीच ठरवायचे आहे.